दूर देशाहून काय आणावे?

शिकण्यासाठी दूर देशी जाणारा शिक्षक आपल्या लोकांचा ऋणी होतो. ते ऋण त्याने कशाने फेडावे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. गायनशिक्षकाचेच उदाहरण घेऊ.

हंगेरी देशात, बुडापेस्टच्या आग्नेयेस, केचकेमेत नावाचे शहर आहे. संगीतकार झोल्तान कोदाय यांचा जन्म १८८२ साली तेथेच झाला. १९७५ साली तेथील एका जुन्या फ्रान्सिस्कन मठात त्यांच्या नावाची संस्था निघाली, आणि देशोदेशींचे गायनशिक्षक तेथे शिकावयास येतात. जो आपल्या गावी वर्गापुढे उभा राहतो, तो येथे बाकावर बसतो. वाद्याआधी गळ्याने गावे लागते, हाताच्या खुणांनी स्वर दाखवावे लागतात, मुलांच्या शाळेत मागे बसून दुसऱ्याचे शिकविणे पाहावे लागते.

ही नम्रता चांगलीच. परंतु आमचा प्रश्न तिच्या पुढचा आहे. ज्यांनी पदरमोड करून त्यास पाठविले, ज्यांची मुले तितके दिवस शिक्षकावाचून राहिली, त्यांस त्याने हंगेरीचीच गाणी आणून दिली, तर त्याने कोदाय यांचेच ऐकले नाही असे होईल. मुलाने प्रथम आपल्या मातृभाषेतील लोकगीते गावी, हेच त्यांच्या शिकवणीचे मूळ आहे.

मग जावेच कशाला, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. आमचा षड्ज कोणत्याही पट्टीत धरता येतो. तेथे ‘दो’ हा स्वरही तसाच हलता ठेवितात. घरी असलेली वस्तू पाहण्यास समुद्र ओलांडावा काय? परंतु पद्धती प्रवास करीतच आल्या आहेत. नॉरविच येथील सारा ग्लव्हर या बाईंनी मुलांसाठी सोपी स्वरलिपी केली. जॉन कर्वेन या इंग्रज पाळकाने ती सुधारून शब्बाथशाळांत पसरविली व पुढे हाताच्या खुणा तीत घातल्या. कोदाय यांनी ती हंगेरीत नेली. भांडे त्यांनी इंग्लंडातून घेतले. पाणी मात्र आपल्याच विहिरीचे भरले.

आमच्या मंडळ्यांस हे नवे वाटू नये. रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंगांच्या वळणावर गीते रचिली, ती याच विचाराने. तरी परकी चाल ती शुद्ध व आपली ती गावंढळ, हा समज आम्हांमधून लवकर गेला नाही. सेमिनरीत असता सुटीत घरी येऊन आम्ही आजीच्या ओव्यांस हसलो आहो, हे कबूल केलेच पाहिजे. आजी काही बोलली नाही. फक्त त्या दिवशी पुढे गायली नाही.

कोदाय यांच्या आयुष्यातील एक क्रम आम्हांस महत्त्वाचा वाटतो. १९०५ साली ते हंगेरीच्या खेड्यांत गाणी टिपण्यास गेले. बर्लिन व पॅरिस येथे शिकण्यास गेले ते त्यानंतर. आमच्या खेड्यांत आता बहुतेक घरी जाते थांबले आहे, आणि ज्यांस ओव्या पाठ आहेत त्या स्त्रिया वृद्ध झाल्या आहेत. परदेशी निघालेल्या शिक्षकाने निघण्यापूर्वीच त्यांच्याजवळ जाऊन बसावे. तो परत येईपर्यंत त्या असतीलच असे नाही.