फॉर्ममध्ये नसलेला रकाना

भारतात पिस्तूल विकत घ्यायचं असेल, तर आधी सरकारला एक गोष्ट पटवून द्यावी लागते: मला भीती वाटते. तुम्ही नेमबाज खेळाडू असाल तर गोष्ट वेगळी. बाकीच्यांनी आपल्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका आहे हे दाखवायचं. पोलीस ठाण्यातून चौकशी होते, अहवाल वर जातो आणि मग अधिकारी ठरवतो की तुमची भीती खरी आहे की नाही.

मला या व्यवस्थेची ओळख झाली ती मामामुळे. मामाचा गडहिंग्लजकडे जाणाऱ्या रस्त्यावर पेट्रोल पंप आहे. रात्रीचा गल्ला घेऊन घरी यायचं म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांचा अंधार. त्याने परवाना काढला, लाखाच्या आसपासचं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर घेतलं आणि मला फोन केला. "तू कॉम्प्युटरवाला नव्हं? तेवढं ऑनलाइन भरून दे की." आमच्याकडे इंजिनिअर झालेल्या मुलाकडे गॅसच्या सबसिडीपासून सातबाऱ्यापर्यंत सगळं येतं. बंदूक पहिल्यांदाच आली.

मी दिवसभर डेटाबेसवर काम करतो. त्यामुळे कुठलाही फॉर्म दिसला की माझं लक्ष आधी जातं ते त्यात काय विचारलंय याकडे, आणि लगेच काय विचारलेलं नाही याकडे.

आधी थोडी यंत्रणा समजून घेऊ. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम हा या सगळ्याचा पाया. मुंबई-पुण्यात परवाना पोलीस आयुक्त देतात. कोल्हापुरात आयुक्तालय नाही, त्यामुळे तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा, आणि पोलिसांचं काम चौकशीचं. परवाना आधी, बंदूक नंतर. परवान्यात दिलेल्या मुदतीत खरेदी करायची, मग हत्यार दाखवून त्याचा क्रमांक, बोअर, बनावट यांची नोंद करून घ्यायची. प्रत्येक परवानाधारकाला राष्ट्रीय डेटाबेसमध्ये एक युनिक नंबर असतो. एका माणसाला पूर्वी तीन बंदुका ठेवता यायच्या, २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोनच. कायद्यात एक सुंदर कलमही आहे: अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. गरिबालाही भीती वाटू शकते, हे कायद्याला मान्य आहे. रिव्हॉल्व्हरच्या किमतीला मात्र ते मान्य नाही.

गृह मंत्रालयाच्या आकड्यांनुसार २०१६ च्या अखेरीस देशात सुमारे ३३.६९ लाख परवाने होते. त्यातले १२.७७ लाख एकट्या उत्तर प्रदेशात. महाराष्ट्रात साधारण ८४ हजार. म्हणजे आपल्याकडे परवान्याची बंदूक ही तशी दुर्मीळ वस्तू. तरीही खंडेनवमीला घरोघरी शस्त्रपूजा होते. आमच्या घरी कोयता, विळी, पाना-स्क्रूड्रायव्हर आणि माझा लॅपटॉप एका पाटावर बसतात. शस्त्र पुजायचं, पण जवळ बाळगायचं नाही, असा आपला बहुतेकांचा करार आहे.

हा करार आपण स्वखुशीने केलेला नाही. १८५७ साली इंग्रजांनी लोकांकडची हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेरडांनी ती द्यायला नकार दिला. इंग्रजांनी गावावर चाल केली, गाव जाळलं, पकडलेल्यांना फाशी दिलं. पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याची पद्धत देशभर पक्की केली. ज्यांच्यावर राज्य करायचं त्यांच्या हातात हत्यार नको, हा त्यामागचा सरळ हिशोब. म्हणूनच १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता.

मग स्वातंत्र्य मिळालं, आणि तो हक्क संविधानात आलाच नाही. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामतांनी संविधान सभेत तो घालायची दुरुस्ती मांडली. बाबासाहेब आंबेडकरांनी विरोध केला. प्रत्येकाला बाजारातून हवं ते हत्यार बेधडक विकत घेता आलं तर राज्य चालणार कसं, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. परक्या सरकारविरुद्ध जी मागणी न्याय्य वाटत होती, ती आपलं सरकार आल्यावर धोकादायक ठरली. याला कुणी ढोंग म्हणेल. मला ते तसं वाटत नाही. परक्याच्या राज्यात मी फक्त माझ्या हक्काचा विचार करतो. आपल्या राज्यात मला शेजाऱ्याचाही विचार करावा लागतो.

इथे खरा नैतिक प्रश्न सुरू होतो. कायदा पाळणारा माणूस आपल्या बंदुकीची नोंद करतो. ज्याला खून करायचा आहे तो करत नाही. मग नोंदणीने नक्की कोण सुरक्षित होतं?

कोल्हापूरकराला हा प्रश्न पुस्तकी वाटू शकत नाही. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून परत येताना कॉम्रेड गोविंद पानसरे आणि उमाताई यांच्यावर घराजवळ गोळ्या झाडल्या गेल्या. उमाताई वाचल्या. पानसरे २० फेब्रुवारीला गेले. माझी बारावीची परीक्षा तोंडावर होती, आणि त्या आठवड्यात शहर किती गप्प झालं होतं ते मला अजून आठवतं. त्याआधी २०१३ साली पुण्यात नरेंद्र दाभोलकर, पानसऱ्यांनंतर सहा महिन्यांनी धारवाडला कलबुर्गी आणि २०१७ साली बंगळुरूत गौरी लंकेश. लंकेश आणि कलबुर्गी यांच्यावर एकाच ७.६५ मिलिमीटरच्या गावठी पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्या, असा न्यायवैद्यक अहवाल कर्नाटकच्या तपास पथकाने पुढे आणला.

हे कसं कळतं? गोळी सुटली की पिस्तुलाची पिन पुंगळीच्या बुडावर आपली खूण सोडते. प्रत्येक पिस्तुलाची खूण वेगळी. म्हणजे नोंद नसलेल्या हत्यारालाही स्वतःची सही असते. नसतं ते त्या सहीपुढे माणसाचं नाव. दाभोलकरांच्या खुनात वापरलेलं पिस्तूल खाडीत टाकल्याच्या संशयावरून तपास यंत्रणेला ठाण्याजवळच्या खाडीत परदेशी पाणबुडे उतरवावे लागले. नोंद असलेल्या बंदुकीबद्दल सरकार एक प्रश्न विचारतं आणि उत्तर मिळतं. नोंद नसलेल्या बंदुकीसाठी चिखल उपसावा लागतो.

नोंदणीमुळे पानसरे वाचले असते, असं मी म्हणणार नाही. ते खोटं ठरेल. डेटाबेस गोळी अडवत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला लॉग म्हणतो तसं हे आहे: सर्व्हर पडायचा थांबत नाही, पण कुणी काय केलं ते नंतर सांगता येतं. तरीही लॉग असलेल्या ठिकाणी माणसं वेगळी वागतात. आपल्या नावापुढे आपलं काम लिहिलं जाणार आहे, ही जाणीव हातून होणाऱ्या बऱ्याच गोष्टी थांबवते.

काही समाजांनी हे नको म्हणून ठरवलंय. अमेरिकेत १९८६ च्या एका कायद्याने बंदूकमालकांची राष्ट्रीय नोंदवही करायला मनाई केली. बंद पडलेल्या दुकानांची कागदपत्रं वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्ग गावच्या केंद्रात जातात. तिथे ती स्कॅन होतात, पण नावावरून शोधता येणार नाहीत अशीच ठेवावी लागतात. मुद्दाम सर्च न होणारा डेटाबेस! हे वाचल्यावर मला आधी हसू आलं. मग त्यामागची भीती समजली. यादी सरकारच्या हाती आली की उद्या तेच सरकार यादी घेऊन दारात येईल. हलगलीच्या बेरडांना ही भीती कुणी समजावून सांगावी लागली नसती.

न्यूझीलंडने उलट वाट धरली. तिथे माणसाला परवाना लागायचा, पण बहुतेक बंदुकांची नोंद नसायची. मार्च २०१९ मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींमध्ये ५१ माणसं मारली गेली. मारेकऱ्याकडे परवाना होता. जून २०२३ पासून तिथे बंदुकांचीही नोंद सुरू झाली. माणूस विश्वासाचा आहे एवढं माहीत असून भागत नाही, त्याच्या हातात काय आहे तेही माहीत हवं, हे त्यांना एवढी किंमत मोजून पटलं.

दोन्ही बाजूंना ऐकल्यावर माझं मत असं बनलंय. नोंद म्हणजे संशय नव्हे. ज्या वस्तूने दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो, ती घेताना 'हिच्याबद्दल मला विचारा' असं सांगणं म्हणजे नोंद. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवलं, राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला रायफलमध्ये कांस्य. त्यांच्या खेळात प्रत्येक गोळीचा हिशोब असतो. कुठली कुठे लागली ते कागदावर दिसतं. हत्यार बाळगायची हीच एक प्रतिष्ठित रीत आहे. मिरवणुकीत हवेत बार काढणाऱ्याला हा हिशोबच नको असतो. २०१९ पासून त्यासाठी दोन वर्षांपर्यंतची कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

पण नोंद झाली म्हणजे जबाबदारी संपली, असं वाटण्याचा धोकाही आहे. 'सबमिट' दाबलं, हिरवी टिक आली, विषय मिटला. मामाचा फॉर्म भरताना मला तिथेच अडखळायला झालं.

अर्जदाराची मानसिक आणि शारीरिक तब्येत, त्याच्यावरचे गुन्हे, त्याचं प्रशिक्षण, हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी, हे सगळं व्यवस्था विचारते. पण त्या छपराखाली आणखी कोण झोपतं, ते कसे आहेत, हे ज्याला मोकळेपणी सांगता येईल असा रकाना मला कुठे दिसला नाही. मामाच्या घरी माझा मामेभाऊ आहे. तीनदा एमपीएससी देऊन पुण्याहून परत आलेला. जेवायला बोलावलं तरच खोलीबाहेर येणारा.

ज्या वाईट क्षणी माणूस स्वतःच्या जिवावर उठतो, तो क्षण बऱ्याचदा टळून जाणारा असतो. त्या क्षणी हाताशी काय आहे यावर फार काही ठरतं. श्रीलंकेने जहाल कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी घातली, आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. दुःख तेवढं कमी झालं नव्हतं. हाताशी असलेलं विष कमी झालं होतं. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू आत्महत्यांचे असतात. आपण बंदूक बाहेरच्या दरोडेखोरासाठी घेतो, पण ती राहते घरात, घरच्यांबरोबर.

मी मामाला हे फोनवर न सांगता पंपावर जाऊन सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "त्याच्यासाठीच तर कमावतोय रे." मी म्हटलं, "म्हणूनच विचारतोय." पुढच्या आठवड्यात त्याने नंबर-लॉकची तिजोरी भिंतीत बसवून घेतली. काडतुसं वेगळ्या कुलपात. दोन्हीचा आकडा फक्त त्याच्याकडे. आणि जे जास्त अवघड होतं तेही त्याने केलं: मुलाला घेऊन कोल्हापुरात डॉक्टरकडे गेला. फॉर्म मी भरला.

बंदूक नकोच, असं मी मामाला म्हणालो नाही. अंधाऱ्या रस्त्यावर गाडी त्याला चालवायची असते, मला नाही. दुसऱ्याच्या भीतीला दुरून खोटं ठरवणं सोपं असतं. पण दाभोलकरांनी पोलीस संरक्षणही नाकारलं होतं. भीतीचं कारण खरं असूनही माणूस हत्याराशिवाय जगायचं ठरवू शकतो. म्हणजे 'भीती आहे' यापाठोपाठ 'म्हणून बंदूक हवी' हे आपोआप येत नाही. मधली पायरी आपली आपण चढायची असते, आणि ती कुठल्याही पोर्टलवर नाही.

तुमच्यापैकी अनेकांना घरच्यांचे फॉर्म भरावे लागत असतील. रेशनचा असो, कर्जाचा असो की बंदुकीचा. आपण फक्त टायपिंग करतोय असं तेव्हा वाटतं. पण त्या वीस मिनिटांत घरातलं कुणीतरी आपल्याला पॅन नंबर, पगार, आजार, भीती असं सगळं विनासंकोच सांगत असतं. एरवी जेवणाच्या ताटावर जे विचारता येत नाही, ते तेव्हा विचारता येतं. सरकारचे रकाने भरून झाले की लगेच लॅपटॉप मिटू नका. आणखी एक प्रश्न विचारून घ्या.