शास्त्राचे काठिण्य कशावर ठरते?

विज्ञानाच्या शाखांपैकी सर्वांत कठीण कोणती, या प्रश्नाचे उत्तर बहुधा गणिताच्या मापाने दिले जाते. ज्या शाखेतील समीकरणे अधिक गहन ती शाखा अधिक कठीण असे मानून सैद्धांतिक भौतिकशास्त्राला अग्रस्थान मिळते, आणि परीक्षेतील गुणांवरून विषयांची प्रतवारी लावणाऱ्या समाजात हा समज अधिकच पक्का होतो. मात्र एखादा विषय शिकण्यास कठीण असणे आणि त्या विषयात नवे, भरवशाचे ज्ञान मिळवणे कठीण असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. पहिली अडचण विद्यार्थ्याच्या बुद्धीचा कस पाहते, तर दुसरी अभ्यासविषयाच्या स्वरूपातूनच उद्भवते. संशोधकाची चूक निसर्ग किती लवकर, किती वेळा आणि किती स्पष्टपणे दाखवून देतो, यावर हे दुसरे, अधिक मूलभूत काठिण्य अवलंबून असते.

या कसोटीवर भौतिकशास्त्र भाग्यवान ठरते. इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय आघूर्णाचे, म्हणजे तो सूक्ष्म चुंबकाप्रमाणे किती प्रभावीपणे वागतो हे सांगणाऱ्या राशीचे, सिद्धांताने काढलेले आणि प्रयोगाने मोजलेले मूल्य दहाहून अधिक अंकांपर्यंत जुळते. सर्व इलेक्ट्रॉन एकसारखे असतात, त्यांना पूर्वेतिहास नसतो, आणि नियंत्रित प्रयोग, म्हणजे इतर परिस्थिती स्थिर ठेवून एकच घटक बदलण्याची पद्धत, त्यांच्यावर वारंवार वापरता येते. म्हणूनच इतकी अचूकता साधली आहे. गुरुत्वीय लहरींचे भाकीत १९१६ मध्ये झाले आणि त्यांची पहिली थेट नोंद २०१५ मध्ये मिळाली. हा विलंब मोठा असला तरी अडसर उपकरणांच्या संवेदनशीलतेचा होता आणि तो दूर होताच पुढील नोंदी झपाट्याने मिळत गेल्या.

भूकंपशास्त्राची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. भूकंपाचा उगम बहुतेक वेळा कित्येक किलोमीटर खोल असतो, तेथील खडकांवरचा ताण थेट मोजता येत नाही, आणि एकाच प्रस्तरभंगावर, म्हणजे खडक तुटून सरकतात त्या भेगेवर, दोन मोठ्या भूकंपांमध्ये शतके लोटू शकतात. कॅलिफोर्नियातील पार्कफील्ड येथे १८५७ ते १९६६ या काळात सरासरी सुमारे २२ वर्षांच्या अंतराने सहा मध्यम भूकंप झाले होते. या नियमिततेवर विसंबून पुढचा भूकंप १९९३ पूर्वी होईल असे भाकीत १९८० च्या दशकात जाहीर करण्यात आले आणि त्या परिसरात उपकरणांचे दाट जाळे उभारले गेले. प्रत्यक्षात भूकंप २००४ मध्ये झाला, आणि इतका बारकाईचा पहारा असूनही त्याची कोणतीही स्पष्ट पूर्वखूण आढळली नाही. एका गृहीतकाचा निकाल लागण्यास येथे जवळपास दोन दशके गेली.

कोयनेचे महत्त्वही याच संदर्भात समजून घ्यावे लागते. कोयना धरणाचा शिवाजीसागर जलाशय भरू लागल्यानंतर त्या परिसरात धक्के सुरू झाले आणि ११ डिसेंबर १९६७ रोजी ६.३ तीव्रतेचा विनाशकारी भूकंप झाला. तेव्हापासून तुलनेने लहान क्षेत्रात आणि कमी खोलीवर तेथे सतत लहानमोठे धक्के बसत आले आहेत. त्यामुळे जलाशयाची पातळी आणि भूकंपांचे प्रमाण यांचा संबंध दशकानुदशके तपासता आला, आणि दख्खनच्या बेसॉल्टखालील खडकांपर्यंत पोहोचण्यासाठी सुमारे ३ किलोमीटर खोलीचे छिद्रही घेण्यात आले. एरवी मौन धरणारा निसर्ग येथे वारंवार उत्तर देतो. म्हणूनच जगभरच्या अभ्यासकांना हा प्रदेश मोलाचा वाटतो.

सजीवांच्या अभ्यासात विलंबाऐवजी गुंतागुंत आड येते. एका सूक्ष्म सूत्रकृमीच्या अवघ्या ३०२ चेतापेशींच्या जोडणीचा नकाशा १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला, तरीही केवळ त्या नकाशावरून कृमीचे संपूर्ण वर्तन सांगता येत नाही; मानवी मेंदूत तर अशा पेशी सुमारे ८६ अब्ज आहेत. समाजाचा अभ्यास करताना आणखी एक अडचण येते, कारण अभ्यासविषय स्वतःच निष्कर्षांची दखल घेऊन बदलतो. बेकारी घटल्यास वेतनवाढीचा वेग वाढतो, असा संबंध ब्रिटनमधील आकडेवारीवरून १९५८ मध्ये मांडला गेला. त्यावर धोरणे बेतली गेली, लोक भाववाढ गृहीत धरून व्यवहार करू लागले, आणि १९७० च्या दशकात अनेक देशांत बेकारी व महागाई एकत्रच वाढली.

यावरून या शास्त्रांना दुय्यम किंवा कच्ची ठरवणे अन्यायाचे आहे. ज्या शास्त्रात पुरावा उशिरा, तुटक आणि संदिग्ध मिळतो, तेथे संशोधकाला स्वतःच्या मताशी अधिक कठोर व्हावे लागते. पार्कफील्डचे भाकीत चुकले, पण ते मुदतीसह उघडपणे मांडलेले होते. म्हणूनच त्या चुकीचे ज्ञानात रूपांतर झाले. समाजानेही अशा शास्त्रांकडून तारीखवार भविष्याऐवजी शक्यतेच्या भाषेतील उत्तर स्वीकारले पाहिजे, त्या उत्तराच्या आधारे घरे आणि धरणे सुरक्षित बांधली पाहिजेत, आणि एका संशोधकाच्या कारकिर्दीपेक्षाही दीर्घ काळ चालणाऱ्या निरीक्षणांना अखंड आर्थिक पाठबळ दिले पाहिजे. कारण जेथे प्रयोग करता येत नाही, तेथे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली नोंद हाच प्रयोगाचा एकमेव पर्याय असतो.