समत्व म्हणजे एकच माप



आजचं चिंतन गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या ३८व्या श्लोकावर. सुख-दुःख, लाभ-हानी, जय-पराजय हे सगळं सारखं मान आणि मग युद्धाला उभा राहा, म्हणजे तुला पाप लागणार नाही, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. श्लोक आपल्यापैकी अनेकांना पाठ असतो. पण खरी अडचण पुढे आहे. जय आणि पराजय सारखेच असतील तर लढायचं कशाला? आणि निकाल आपल्यावर अन्याय करणारा असेल, तर तोही मुकाट्याने गिळायचा का?

आपल्या लालबाग-परळच्या माणसाला हे कबड्डीच्या भाषेत सांगितलेलं लवकर कळतं. चाळीच्या पटांगणात ज्यांनी गुडघे फोडून घेतलेत, त्यांना एका गुणाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

७ ऑक्टोबर २०२३. हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत पुरुष कबड्डीचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण. १९९० पासून सलग सात सुवर्णपदकं जिंकणाऱ्या भारताला २०१८ मध्ये याच इराणने उपांत्य फेरीत हरवलं होतं, म्हणजे जुना हिशोब होताच. संघात अस्लम इनामदार, आकाश शिंदे ही आपल्या महाराष्ट्राची पोरं. गुण २८-२८. साधारण ६५ सेकंद उरलेले. पवन सेहरावत ‘करो या मरो’ चढाईला गेला आणि कुणाला स्पर्श न होताच त्याचा पाय लॉबीत पडला. त्याला धरायला इराणचे बचावपटूही त्याच्यामागून लॉबीत शिरले.

आता बाद कोण? लॉबी म्हणजे मैदानाच्या दोन्ही कडांचा पट्टा. स्पर्श झाल्याशिवाय तो खेळात धरत नाहीत. एका नियमाप्रमाणे बाद फक्त चढाईपटू. दुसऱ्याप्रमाणे त्याच्यामागे गेलेले बचावपटूही बाद. पहिला धरला तर इराण पुढे, दुसरा धरला तर भारत पुढे. निर्णय एकदा असा झाला, एकदा तसा. दोन्ही संघ अडून बसले आणि जवळजवळ तासभर खेळ थांबला. अखेर निर्णय भारताच्या बाजूने लागला, खेळ पुन्हा सुरू झाला, आणि उरलेल्या मिनिटभरात ३३-२९ असं सुवर्ण आपल्याकडे आलं.

आपण टाळ्या वाजवल्या. वाजवाव्यातच, त्यात गैर काही नाही. पण बघा, मनाला एक प्रश्न विचारून बघा. नावं उलटी केली तर? लॉबीत पाय इराणच्या चढाईपटूचा पडला असता, मागे आपले चार जण गेले असते, आणि त्याच नियमाने सुवर्ण त्यांना मिळालं असतं, तर तोच नियम आपल्याला तितकाच बरोबर वाटला असता का? की आपण त्याला ‘लुबाडलं’ म्हटलं असतं?

मला वाटतं, समत्वाची परीक्षा इथे आहे. आनंद होऊ नये, दुःख होऊ नये, असं दगड होणं कुणाला जमत नाही आणि भगवंत ते मागतही नाहीत. माझ्या जयाला आणि माझ्या पराजयाला मी एकच माप लावतो का, एवढंच ते विचारतात.

याच्या शेजारी दुसरं उदाहरण ठेवून बघू. अमेरिकेत ‘नॅसकार’ ही मोटारींची शर्यत असते. शेवटी शेवटी कुणाची गाडी आपटली की पिवळा झेंडा निघतो, सगळ्या गाड्या एकामागे एक गोळा होतात, आणि पुढच्याने तासन्‌तास कमावलेलं अंतर संपतं. मग थोड्याशा फेऱ्यांसाठी शर्यत नव्याने सुटते. २ नोव्हेंबर २०२५ ला फिनिक्सच्या शर्यतीत डेनी हॅमलिन २०८ फेऱ्या पुढे होता. जवळजवळ २० वर्षं हुकलेलं वर्षाचं विजेतेपद तीन फेऱ्यांवर आलेलं. तेवढ्यात पिवळा झेंडा! नव्याने सुटलेल्या शर्यतीत तो मागे राहिला, आणि विजेतेपद काइल लार्सनला गेलं, जो त्या दिवशी एकही फेरी पुढे नव्हता.

काळजाला लागतं ना? पण तो नियम सगळ्यांना आधीपासून ठाऊक होता, सगळ्यांना सारखा होता. आदल्या एखाद्या शर्यतीत हॅमलिन मागे असता तर त्यालाही तो चालला असता. म्हणून तिथे दुःख आहे, पण अन्याय म्हणता येत नाही. हांगझोउला मात्र कोणता नियम लागू, हेच दोन्ही बाजूंना एकसारखं माहीत नव्हतं. तिथे दाद मागणं चूक नव्हतं. भारताचंही नाही आणि इराणचंही नाही. जिंकल्यावर हे दुसरं वाक्य तोंडातून निघणं, यालाच मी समत्व म्हणेन.

आता घरातलं बघू. दर्शनाच्या रांगेत चार तास उभे असताना कुणी ओळख काढून मधे शिरला की आपल्याला न्याय आठवतो. आणि आपल्याला पास मिळाला की? ‘बाप्पाची कृपा!’ चाळीच्या पुनर्विकासाच्या सभेत जो नियम शेजाऱ्याची खोली अडवतो तो ‘कायदा’, आणि आपली अडवतो तो ‘डाव’. माप दोन आहेत हो आपल्याकडे, एक द्यायचं, एक घ्यायचं.

श्लोकातला क्रम नीट बघा. आधी मन सारखं करायचं, मग लढायचं. लढू नको असं भगवंत म्हणतच नाहीत. हक्कासाठी भांडावं, दाद मागावी, जोरात मागावी. पण जी मागणी समोरच्याने केली असती तर आपण मान्य केली असती, तीच. असा माणूस हरला तर त्याला दुःख होईल, वर्षानुवर्षांची अढी राहणार नाही. जिंकला तर आनंद होईल, मद चढणार नाही. पाप लागणार नाही म्हणतात ते याच अर्थाने असावं.

आजचा संकल्प : आज जिथे ‘हा अन्याय आहे’ असं तोंडावर येईल, तिथे एकदा नावं उलटी करून पाहायची. तरीही अन्यायच वाटला, तर खुशाल उभं राहायचं.

जय हरी.