वर्म ठाऊक असलेलं माणूस

आज वाचनात गीतेच्या सोळाव्या अध्यायातला दुसरा श्लोक होता. दैवी संपत्तीच्या गुणांची यादी तिथे चालू आहे. पहिल्या तीन श्लोकांत मिळून 26 गुण येतात. दुसऱ्या श्लोकाची सुरुवात अहिंसेने होते आणि पुढे दोन शब्द एकमेकांना लागून येतात. आधी 'अपैशुन' आणि मग 'दया'. दयेबद्दल आपण पुष्कळ ऐकतो. अपैशुन मात्र घाईत वाचून पुढे जातो. आज हे दोन शब्द एकत्र वाचायचे आहेत, तेही जरा वेगळ्या ठिकाणी ठेवून. दोन प्रेमाच्या माणसांमध्ये. नवरा-बायको म्हणा, किंवा लग्न ठरलेले, किंवा अजून न ठरलेले.

मुळात प्रेमात दया चालते का? भिकाऱ्यावर दया, जखमी कुत्र्यावर दया, हे समजतं. पण ज्याच्यावर प्रेम आहे त्याला जाऊन सांगून बघा, "मला तुझी दया आली." भांडण ठरलेलं. "मला तुझी दया नको" हे वाक्य आपण सिनेमात शंभर वेळा ऐकलंय आणि घराघरांतही ते बोललं जातं. मग गीता ज्याला दैवी म्हणते तो गुण प्रेमाच्या माणसाला एवढा का झोंबतो?

मला वाटतं, झोंबते ती दया नव्हे, कीव. दोन्ही शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण त्यांचा क्रम उलटा आहे. कीव आधी समोरच्याचं उणं बघते. बिचाऱ्याला जमत नाही, बिचारीला कळत नाही. मग वरून हात पुढे करते. मदत होतेही, पण ती घेणारा एक पायरी खाली गेलेला असतो. आणि प्रेमात सगळं सहन होतं, खालची पायरी सहन होत नाही.

दयेचा क्रम कसा असतो, हे ज्ञानेश्वर माऊलींनी 'अपैशुन' या शब्दावर बोलताना सांगितलंय. कोशात पाहिलं तर पैशुन म्हणजे चहाडी, आणि ती न करणं म्हणजे अपैशुन. माऊली तिथे थांबत नाहीत. ज्ञानेश्वरीत या एका शब्दासाठी दृष्टांतांमागून दृष्टांत येतात. चिखलात रुतलेली गाय दिसली की भला माणूस ती दुभती आहे की भाकड हे बघत बसत नाही, तिच्या कळवळ्याने कासावीस होतो. रोग बळावलेला दिसला की वैद्य आपला-परका म्हणत नाही. शेतात जायचं ते पेरून जायचं. आणि मग माऊली मुद्द्यावर येतात. समोरच्याचं उणं आधी आपल्या चांगुलपणाने भरून काढायचं आणि त्यानंतर त्याच्याकडे बघायचं. हा क्रम नीट लक्षात घ्या. आधी भरायचं, मग बघायचं. आपण नेमकं उलट करतो. आधी निरखून बघतो, मग जमलं तर भरतो.

तिथेच पुढे आणखी एक गोष्ट येते. कुणाच्या वर्मावर घाव घालू नये, आणि त्याचा दोष दाखवणाऱ्या नावाने त्याला हाक मारू नये.

वर्म! प्रेमातल्या दयेचं सगळं मर्म मला या एका शब्दात दिसतं. ऑफिसातल्या माणसाला माझं वर्म ठाऊक नसतं. तो रागावला तर माझ्या कामाला नावं ठेवेल, फार तर माझ्या इंग्रजीला. पण ज्या माणसाशेजारी मी रोज झोपतो, त्याला सगळं ठाऊक असतं. वडिलांशी माझं कुठे बिनसलं, मला कशाची भीती वाटते, कुठल्या आठवणीने माझा आवाज बदलतो. ही माहिती त्याने चोरलेली नाही. मीच विश्वासाने दिलेली आहे, कधीतरी रात्री दोन वाजता. आमच्या भाषेत सांगायचं तर ते माणूस म्हणजे पूर्ण सिस्टिमचा ॲडमिन ॲक्सेस असलेलं माणूस. ज्याच्याकडे सगळ्या चाव्या आहेत, तो कसा वागतो हाच प्रश्न असतो. बाकीच्यांना दार उघडताच येत नाही.

म्हणून मला वाटतं, प्रेमातली दया म्हणजे फुलं नव्हेत, गोड बोलणंही नव्हे. आपल्याला ठाऊक असलेलं वर्म रागाच्या क्षणी हाताशी असूनही न वापरणं, ही ती दया. आणि हे न वापरणं कुणालाच दिसत नाही. जे वाक्य ओठांवर येऊन परत गेलं, त्याचे आभार कोण मानणार? ती दया फक्त देवाच्या हिशोबात लिहिली जाते.

हे सांगणारे माऊली स्वतः संसारी नव्हते. मग त्यांना हे कुठून कळलं? परंपरा सांगते ते आठवा. वडील विठ्ठलपंत संन्यास घेऊन काशीला गेले आणि गुरूंच्या आज्ञेने परत संसारात आले. गावाने त्या घराला वाळीत टाकलं. चार लेकरं 'संन्याशाची पोरं' हे ऐकतच मोठी झाली. दोष दाखवणारं नाव काय असतं, हे त्यांनी लहानपणीच भोगलं होतं. ज्याला अख्ख्या गावाने वर्मावर मारलं, त्यानेच शके 1212 मध्ये वर्मावर मारू नका असं सांगितलं, आणि तेही कुठल्याही कडवटपणाशिवाय. हे मनात आलं की मला पुढची ओवी वाचवत नाही, थोडा वेळ थांबावं लागतं.

आता घरातली एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी मी ज्या टीममध्ये होतो ती टीमच बंद झाली आणि मी पाच महिने घरी होतो. इंजिनिअरिंगची डिग्री, दहा-अकरा वर्षांचा अनुभव, फ्लॅटचा हप्ता चालू. आमच्याकडे पुरुषाचं वर्म म्हणजे त्याचा पगार, हे वेगळं सांगायला नको. त्या पाच महिन्यांत माझी बायको संध्याकाळी घरी आली की "काही फोन आला का?" असं एकदाही म्हणाली नाही. फोन आला असता तर मी दारातच सांगितलं असतं, हे तिला माहीत होतं. ती चप्पल काढता काढता स्वतःच्या ऑफिसातली भानगड सांगायची आणि विचारायची, "यात तू काय केलं असतंस?" म्हणजे माझं मत अजून चालू होतं, पगार बंद असला तरी.

एका लग्नात तिच्या मामांनी पंगतीतच विचारलं, "जावईबापू, सध्या कुठे?" मी बोलायच्या आत ती म्हणाली, "मामा, सध्या इंटरव्ह्यू चालू आहेत त्याचे. आणि माझ्या प्रमोशनच्या इंटरव्ह्यूची तयारी तोच घेतोय, रोज रात्री." यात खोटं काहीच नव्हतं. तिने काही लपवलंही नाही. फक्त माझं उणं आधी भरलं आणि मग सगळ्यांना माझ्याकडे बघू दिलं. पेरून शेतात जाणं म्हणजे काय, ते मला त्या पंगतीत कळलं.

पण याच काळात एका रविवारी तिने मला समोर बसवून सांगितलं, "अरे, गेले दहा दिवस तू माझ्याशिवाय कुणाशीही बोललेला नाहीस. मला भीती वाटतेय. उद्यापासून सकाळी माझ्याबरोबर टेकडीवर यायचं." हेही दयाच होतं. गाय चिखलात रुतली असेल तर नुसतं हळहळून भागत नाही, ओढून काढावं लागतं, आणि ओढताना थोडं दुखतं. दया म्हणजे गप्प बसणं नव्हे. खरं बोलणं आणि वर्मावर बोलणं यांत फरक आहे. खरं बोलणाऱ्याला समोरचा उभा राहायला हवा असतो, वर्मावर बोलणाऱ्याला तो पडायला हवा असतो. त्या क्षणी शब्द कदाचित सारखेच असतील, पण ऐकणाऱ्याला बरोबर कळतं.

कुणी म्हणेल, आमच्या घरात एवढं मऊ बोलणं जमत नाही, आमच्या जिभाच तिखट. त्यांच्यासाठी तुकोबांची आवली आहे. कीर्तनात तिला कजाग म्हणून रंगवतात आणि आपण हसतो. पण दुष्काळाने आणि दिवाळखोरीने मोडलेलं घर तीच चालवत होती, आणि भंडाऱ्याच्या डोंगरावर नामात बुडालेल्या नवऱ्याला भाकरी घेऊन तीच चढत होती. तोंडाने शिव्या, पायांनी दया! लोक सांगतात, एकदा तिच्या पायात काटा मोडला आणि तो काढायला स्वतः विठ्ठल आला. जन्मभर 'काळ्या' म्हणून ज्याला तिने बोल लावले, त्याने तिचा पाय हातात घेतला. ही भक्त आहे का, असं त्याने आधी विचारलं नाही. काटा दिसला, तो काढला.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी, कारण या विषयाचा फार गैरवापर होतो. "तू दयाळू हो, सोसून घे" असं एकालाच, आणि बहुतेक वेळा बाईलाच, सांगितलं जातं. ती दया नव्हे. गीता 'भूतांच्या ठायी दया' म्हणते, आणि त्या सगळ्या भूतांत आपणही एक आहोत. वैद्य रोग्यावर दया करतो, रोगावर नाही. जिथे हात उगारला जातो, जिथे रोज अपमान होतो, तिथून बाहेर पडणं हीसुद्धा दया आहे, स्वतःवर आणि लेकरांवर. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाणीबरोबर शब्दांनी केलेला छळही धरला आहे. मूल नाही, मुलगा नाही, म्हणून हिणवणं हे तर त्यात वेगळं नोंदवलंय. म्हणजे वर्मावर घाव घालणं ही हिंसा आहे, हे आज कायदाही मानतो. गरज पडली तर महिलांसाठी 181 हा हेल्पलाइन क्रमांक आहे. कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून इथे लिहून ठेवतोय.

मग रोजच्या आयुष्यात करायचं काय? मी तीन गोष्टी वहीत लिहिल्या आहेत. पहिली, माझ्या माणसाचं उणं त्याच्यामागे तिसऱ्याला सांगायचं नाही, अगदी आईला आणि जवळच्या मित्रालासुद्धा. शब्दकोशातलं अपैशुन तेवढंच आहे, पण सुरुवात तिथूनच होते. ज्याची दिवसभर चहाडी केली त्याच्यावर संध्याकाळी दया येत नाही. दुसरी, भांडण आजच्या विषयाचं असेल तर ते आजच्या विषयावरच संपवायचं. कोडमध्ये कुठली ओळ कुणी आणि कधी लिहिली हे दाखवणारी 'ब्लेम' नावाची कमांड असते. ती कामापुरती ठीक आहे, घरी चालवायची नाही. तिसरी, दोष बोलावाच लागला तर त्याआधी स्वतःला विचारायचं, हे भरून काढायला मी काय केलं?

अपैशुनला लागूनच दया का आली असेल, याचं माझ्यापुरतं उत्तर मला आज मिळालं. ज्याने समोरच्याच्या उण्यावर पांघरूण घातलं, त्याच्या मनात दयेला वेगळी जागा करावी लागत नाही, ती आपोआप येऊन बसते.

आज रात्री जेवताना समोरच्या माणसाकडे एकदा नीट बघा. त्याने किंवा तिने विश्वासाने तुमच्या हाती दिलेलं एखादं वर्म आठवा. ते कुणाच्याही नजरेला पडणार नाही असं सांभाळून ठेवायची बुद्धी पांडुरंगाने आपल्या सगळ्यांना द्यावी, एवढंच मागणं.

रामकृष्णहरी!