सेवा आणि परिप्रश्न

गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञानप्राप्तीची साधने म्हणून प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा ही तीन एकत्र सांगितली आहेत, आणि त्यांत परिप्रश्नाला नम्रता व श्रम यांच्या मधोमध आसन दिले आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर सातारा-सांगलीकडील महाविद्यालये आपल्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामाच्या अनुभवासाठी कारखान्यांत, पतसंस्थांत, दवाखान्यांत धाडू लागली आहेत. तेथे सेवेची हजेरी मस्टरवर रोज लागते, वरिष्ठांच्या हुकुमाची तामिलीही बिनबोभाट होते, परंतु परिप्रश्नाला मुभा कितपत असते, ही शंका माझ्या मनातून जात नाही.

श्रमाला विद्येच्या पंक्तीस बसविणे या मुलखाला नवे नाही. किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी गावोगाव हिंडलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्यास निरनिराळ्या जातींची मुले एका वसतिगृहात आणून स्वावलंबनाने शिकविली. त्या मुलांनी कोणापुढे लाचार होऊ नये, हा त्या श्रमामागील हेतू होता. म्हणून ज्या श्रमाने विद्यार्थी निमूट होतो, त्याला त्या परंपरेचे नाव घेण्याचा अधिकार नाही.

समजा, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उमेदवारी करणाऱ्या मुलाला असे वाटले, की ज्या साखर-उताऱ्यावर शेतकऱ्याच्या उसाचा दर ठरतो त्यासाठी नमुना नेमका कसा घेतला जातो हे विचारावे. किंवा मिरजेच्या एखाद्या रुग्णालयात शिकणाऱ्या मुलीला दिसले, की संमतिपत्र वाचून न दाखविताच वृद्धेचा अंगठा उठविला जात आहे. तर ज्याच्या सहीवर दाखला अवलंबून आहे त्याच अधिकाऱ्यापुढे त्यांनी तोंड उघडावे, ही अपेक्षा निष्ठुर होय. पण रात्री मोबाइलवर विखुरलेले सारे सहाध्यायी आणि त्यांचे अध्यापक चर्चेसाठी एकत्र जमतात, तेव्हा तो प्रश्न निर्भयपणे मांडता येतो, आणि किर्लोस्करवाडीच्या यंत्रशाळेतला मित्र त्याला आपल्या अनुभवाची कसोटी लावतो.

न्यायसूत्रांनी तत्त्वचर्चेला योग्य म्हणून शिष्य व गुरू यांच्याबरोबर सब्रह्मचारी, म्हणजे सहाध्यायी, यांचाही स्पष्ट निर्देश केला आहे, आणि सर्वांना अट एकच घातली आहे, ती अनसूयेची, म्हणजे मनात असूया नसण्याची. सत्य जाणण्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प आणि केवळ खंडनासाठी वितंडा, हा भेद अध्यापकाने या रात्रीच्या चर्चेत डोळ्यांत तेल घालून राखला पाहिजे. ‘कारखाना वाईट’ एवढे म्हणून मोकळ्या होणाऱ्या मुलाला ‘कशावरून?’ असे विचारले पाहिजे, आणि ‘तेथे असेच चालते’ म्हणणाऱ्यालाही तोच प्रश्न टाळता येऊ देऊ नये.

असे प्रश्न विचारू दिल्याने श्रद्धा ढळेल व शिस्त मोडेल, असे भय पुष्कळ सज्जनांस वाटते. त्यांनी वाईकडे पाहावे. तेथील प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठ्यांपाशी शास्त्राध्ययन केलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी गांधीजींच्या अस्पृश्यतानिवारणाच्या कार्यास शास्त्राधार पुरविण्यासाठी उभे राहिले, आणि सनातनी पंडितांना जे उत्तर द्यावयाचे ते त्यांनी गुरुगृही मिळविलेल्या विद्येनेच दिले.