मोलाची सेवा

भाविक हो, पुंडलिकाची कथा आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? आईबापांची सेवा करीत बसलेल्या त्या भक्ताने दारी आलेल्या देवाकडे वीट फेकली, आणि हातातले काम पुरे होईतो त्याला तिच्यावर उभे राहावयास सांगितले. आपला संप्रदाय त्या विटेच्या आधारानेच आजवर चालत आला. पण आज घरोघर एक निराळाच प्रश्न उभा आहे. आई अंथरुणाला खिळलेली, मुलगा परगावी नोकरीला, सून कामावर जाणारी, आणि म्हातारीचे सारे करावयास ब्यूरोतून आलेली एक मावशी बारा तासांच्या पाळीवर बसलेली. तिला महिन्याचा पगार आहे. मग ही सेवा कोणाच्या पदरी पडली? पैसे देणाऱ्याच्या, की पैसे घेणारीच्या? की दोघांच्याही नाही, आणि झाला तो नुसता व्यवहार?

हा दोनचार घरांपुरता प्रश्न आहे असे कोणी समजू नये. २०११ सालच्या जनगणनेत साठी ओलांडलेली माणसे आपल्या देशात दहा कोटींच्या वर भरली. आयुष्य वाढले, ही चांगलीच गोष्ट. पण घरे आटली, लेकरे पोटामागे पांगली, आणि म्हातारपण मात्र घरातच राहिले.

आधी हे काम आहे तरी काय, ते नीट पाहू. अर्धांगवायूने पडलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. न बदलली तर माकडहाडापाशी, खुब्यावर, टाचांवर कातडी लाल होते, मग फुटते, आणि ती जखम भरता भरत नाही. घास भरवायचा तर उशा लावून ताठ बसवून भरवायचा, पहिला घास गिळल्याची खात्री करून मगच दुसरा. घाई केली तर अन्न श्वासनळीत जाते आणि त्यातून जिवावर बेतते. लघवीची पिशवी अंगापेक्षा खालीच टांगायची. अंग पुसताना पाणी आधी आपल्या हातावर पाहायचे. आणि ज्याची स्मृती गेली आहे असा म्हातारा एकच प्रश्न तासात वीस वेळा विचारतो, त्याला विसाव्या वेळीही पहिल्यासारखेच उत्तर द्यायचे. हे शेवटचे सर्वांत अवघड. अहो, आपण पोटची पोरे चौथ्या वेळी खेकसतो की नाही, आपल्याच मनाला विचारून पहा!

आता कोणी म्हणेल, काम कठीण खरे, पण मोल घेतले की सेवा संपली. सेवा निष्काम हवी. हे म्हणणे वरवर शास्त्राचे वाटते. पण आपल्या संतमंडळीकडे जरा पहा. सेना महाराज जातीने न्हावी. दुसऱ्याच्या अंगाला हात लावून पोट भरावयाचे, हाच त्यांचा धंदा. ते पूजेत रंगले असता राजाचे बोलावणे आले, आणि देवच सेनाचे रूप घेऊन, धोकटी काखेत मारून राजाकडे गेला, अशी परंपरेची कथा आहे. पैठणास नाथांच्या घरी तोच श्रीखंड्या होऊन बारा वर्षे पाणी भरीत राहिला. धंदा मोलाचा म्हणून देवाने तो हलका मानला असता, तर धोकटी उचलली असती काय? पोटासाठी केलेले काम आणि देवासाठी केलेले काम यांच्यामध्ये भिंत घालणे हे आमच्या संतांना कधीच मान्य नव्हते.

तरीही मोलाने सारेच विकत मिळते असे नाही. रात्रीचे दोन वाजले आहेत. कूस बदलण्याची वेळ झाली. घरचे सारे निजलेले. म्हातारीची वाचा गेलेली, ती गाऱ्हाणे सांगणार नाही. वहीत ‘दोन वाजता कूस बदलली’ एवढे लिहून मावशी डोळे मिटू शकते. विचारणारे कोणी नाही. तरी ती उठते, हळूच खांद्याखाली हात घालते, पाठीवरून एकदा तळवा फिरवते. पगाराने तिला त्या खोलीत आणून बसवले हे खरे. पण त्या घटकेला तिला उठवणारे दुसरेच कोणी आहे. त्याला तुम्ही दया म्हणा, धर्म म्हणा, आम्ही त्याला पांडुरंग म्हणतो. शिवाय पुंडलिकापुढे त्याचे आपले आईबाप होते, जन्माचे ऋण होते. या बाईवर त्या म्हातारीचे कसलेच ऋण नाही. परक्याच्या मळमूत्राला आपलेपणाने हात लावणे ही पुंडलिकाच्याच अंगणातली गोष्ट आहे, असे आम्हांस वाटते.

पण येथेच एक मोठी फसगत संभवते, आणि तिच्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. ‘मावशी, तुम्ही पुण्याचे काम करता,’ असे गोड बोलून पगार कमी करणारी, सुटी नाकारणारी, बारा तासांचे पंधरा तास करून घेणारी घरे आहेत. म्हातारीचे करण्यास आणलेल्या बाईकडून सगळ्या घराची भांडी घासून घेतात, तिचा चहाचा कप निराळा ठेवतात, आणि वर तोंडाने ‘सेवा’ म्हणतात. ज्या चोखोबांची समाधी महाद्वारापुढे आहे, त्यांच्या समाधीला हात लावून घरी आल्यावर कप निराळा ठेवणे, याला काय म्हणावे? घरकामगारांसाठी महाराष्ट्राने २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा केला. पण घराच्या दाराआड काय चालते ते कायद्याला नेहमीच दिसते असे नाही. म्हणून आमचे म्हणणे असे, की सेवा हा शब्द करणारीने आपल्या मनाशी उच्चारावा. करवून घेणाऱ्याच्या तोंडी तो शोभत नाही. त्याने मजुरी म्हणावे, तास म्हणावे, सुटी म्हणावी, आणि जे ठरले ते वेळेवर हातावर ठेवावे. दुसऱ्याच्या भक्तीवर आपली बचत करणे यासारखे पाप नाही.

मग मुलाचे काय? तो पैसे पाठवतो म्हणून त्याला दोष द्यावा काय? मुळीच नाही. पैसे पाठवणे हेही कर्तव्यच आहे, आणि ते न पाळणारे निघाले म्हणूनच तर २००७ साली आईवडिलांच्या चरितार्थाचा कायदा करावा लागला. आणि ही मावशी तरी काय करते? पुष्कळींची आपली आई दूर गावी भावजयीच्या नाहीतर शेजारणीच्या भरवशावर असते, आणि ही शहरात परक्या आईचे करून तिकडे पैसे पाठवते. मुलगा आणि मावशी, दोघेही एकाच दुःखाचे धनी आहेत. फरक एवढाच, की मुलाला निवड थोडी अधिक आहे. कर्तव्य पैशाने पाठवता येते, स्पर्श मात्र पाठवता येत नाही. तो स्वतः यावे तेव्हाच येतो. म्हणून ज्याला निवड अधिक त्याने दिवाळीला येऊन पाहुण्यासारखे बसू नये. मावशीकडून कूस बदलावयाचे शिकून घ्यावे, आणि दोन रात्री तरी आईच्या उशाशी स्वतः जागावे.

आता शेवटचा प्रश्न, आणि तो माळकऱ्यांचा आहे. या बायांमध्ये कित्येकींच्या गळ्यात तुळशीची माळ असते. पुण्यात माउलींची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला असते. टाळांचा आवाज खिडकीशी येतो, आणि ही आत घास भरवीत बसलेली. तिची वारी चुकली काय? आमच्या मते तिची चुकली नाही. हातातली सेवा टाकून धावली असती तर पुंडलिकालाच ओलांडून गेली असती. पण तिने जाऊ नये असे आम्ही म्हणत नाही. सुटी तिला कधीही हक्काचीच, आणि आषाढी तर तिच्या नेमाची. तिने ती मागावी, घराने ती पगार न कापता द्यावी, आणि तेवढे दिवस खाट मुलाने सांभाळावी. ती पंढरीस जाईल, आणि तो आईपाशी बसेल. एकाच एकादशीला दोघांचीही वारी घडेल, आणि तिच्यापेक्षा त्याची वारी अधिक अवघड असेल. ज्या घरात असे घडेल, तेथे देवाला उभे राहावयास वीट शोधावी लागणार नाही.

रामकृष्णहरि.