ज्याच्या हाती निर्णय नाही

उमरखेड तालुक्यातल्या ढाणकीत शेतकऱ्याला सात-बारावर पीक चढवायचं तर आता ई-पीक पाहणीचं ॲप उघडावं लागतं. इंटरनेट तिथे चैन राहिलेलं नाही. त्याचा कारभार कुणी, कसा चालवायचा याचा खल मात्र जिनिव्हा, ट्युनिस, अथेन्स अशा शहरांत झाला. त्या खलात एक मुंबईकर केंद्रस्थानी होता, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही.

हा मुंबईकर म्हणजे नितीन देसाई. ते परराष्ट्र सेवेतले नव्हेत. ते अर्थतज्ज्ञ, भारत सरकारचे मुख्य आर्थिक सल्लागार, पुढे संयुक्त राष्ट्रांत अवर महासचिव. पर्यावरण आणि विकासावरची १९९२ची रिओ आणि २००२ची जोहान्सबर्ग परिषद त्यांनी जवळून हाताळली. २००४मध्ये महासचिव कोफी अन्नान यांनी इंटरनेट कारभारावर चाळीस जणांचा कार्यगट नेमला आणि देसाईंना अध्यक्ष केलं. सचिवालयाची बाजू मार्कुस कुमर या स्विस मुत्सद्द्याने सांभाळली. सरकारं, कंपन्या, नागरी संघटना एकाच टेबलाशी बसल्या, आणि वाद जुनाच: इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या मूळ यादीवर अमेरिकेची देखरेख असावी का?

२००५च्या अहवालात या प्रश्नाला एक उत्तर नाही. चार पर्याय आहेत, आणि त्यातला एक तर वेगळ्या देखरेख संस्थेची गरजच नाही असं म्हणणारा. याला पळवाट म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ती कसबाची गोष्ट वाटते. एकच उत्तर लादलं असतं तर निम्मे लोक उठून गेले असते. त्यातून निघालेल्या इंटरनेट गव्हर्नन्स फोरमला ठराव करण्याचा अधिकारच नाही. हा फोरम २००८च्या डिसेंबरात, मुंबईवरच्या हल्ल्याला आठवडा उलटतो न उलटतो तोच, हैदराबादला भरला. अमेरिकेची देखरेख २०१६मध्ये संपली. तीही कुण्या तहाने नव्हे.

भारताला ही संथ चाल रुचली नव्हती. २०११मध्ये आपण संयुक्त राष्ट्रांत पन्नास देशांची समिती मागितली, आणि २०१५मध्ये भूमिका बदलून सर्व घटकांच्या सहभागाची बाजू घेतली. हा बदल मला योग्य वाटतो. पण ‘सर्व घटक’ म्हणजे नेमके कोण? जो माणूस पाठवतो, तो. डोमेन नावांसाठी देवनागरीचे नियम ठरले तेव्हा गटात पुण्याच्या सी-डॅकची माणसं होती. ‘तर्‍हा’मधला र हिंदीला लागत नाही, मराठी, कोकणी, नेपाळीला लागतो. नियमांत त्याला जागा मिळाली. असल्या बारीक गोष्टी बैठकीत बसल्याशिवाय पदरात पडत नाहीत.

आता घरचा कारभार पाहा. राज्यात इंटरनेट बंदीचा आदेश काढणार गृहसचिव. तो तपासणाऱ्या समितीत मुख्य सचिव आणि आणखी सचिव. चार सचिव मिळून कायदा पाळतीलही. पण बंदीत ज्याची पीकनोंद अडते, दुकानातला मोबाइलवरचा व्यवहार थांबतो, त्याची बाजू मांडायला त्या खोलीत कुणीच नसतं. जिनिव्हात ज्या सहभागाची आपण तरफदारी करतो, तो मंत्रालयात आणायला कुठल्याही मुत्सद्द्याची गरज नाही. समितीत एक बिगरसरकारी खुर्ची वाढवायची, एवढी नियमातली दुरुस्ती पुरेल.